रि: रि: तोरणमाळ – तिसरी गाडी घ्यायची की नाही?

खजिनदार:
मंडळी, शहाद्याच्या गाडीवाल्याचा फोन झाला. दोन जीपा मिळतायत, दोन्हींत मागे समोरासमोर आडवे बाक. सतरा जण आरामात मावतील म्हणतो. तिसरी घेतली तर माणशी खर्च वाढेल आणि पाटणादेवीच्या वेळी झाली तशीच बोंब होईल. ॲडव्हान्स पाठवायचाय, उद्यापर्यंत कळवा.

अप्पा, शिरपूरवाले:
दोनच गाड्यांना माझं साफ नाही. सातपायरी घाटाच्या डांबरी रस्त्याचं म्हणत नाही. तुम्ही तोरणमाळहून पुढे झापी गावाच्या अंगाला कच्च्या वाटेनं उतरणार आहात, तिथलं म्हणतोय.

माझा अपघात सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो 'देवाची कृपा' म्हणून मोकळा होतो. पाल गावाजवळ चढावर गाडी बंद पडली. अशा वेळी इंजिन चालू करून रिव्हर्समध्ये, चाकं सरळ ठेवून, आलो तसंच मागे यायचं असतं. ड्रायव्हरनं वळवून घेऊ म्हणून स्टिअरिंग फिरवलं. गाडी चढाला आडवी झाली आणि गडगडली. पुढे आम्हा दोघांना पट्टे होते. मी उलटा लटकत होतो. डिझेलचा वास येत होता. ड्रायव्हरनं चावी बंद केली. मी एक हात टपाला टेकवला, मग पट्टा सोडला, नाहीतर मानेवरच पडलो असतो. भाचा मागे आडव्या बाकावर होता. तो आधी टपावर आपटला, मग खिडकीवर, आणि बाकाखालचा जॅक सुटून त्याच्या अंगावर आला. त्याचा खुबा मोडला. त्याच पलटीत मला नुसतं खरचटलं.

नाना, चोपडा:
अप्पा, घाबरवू नका हो. आपण सगळे काळीपिवळीत पंधरा-पंधरा जण कोंबून कॉलेजला गेलो. मी तर मागच्या पायरीवर लोंबकळत. काय झालं का? ड्रायव्हर तिकडचा पाहिजे, बस. बाकी जेवणाचं काय ठरलं? शेवभाजी शहाद्यातच खाऊन निघू, वर काही मिळत नाही.

शहाद्याची ताई:
नाना, वर काही मिळत नाही कसं? माझं माहेर आहे तिकडे, जेवणाचं मी बघतेय हे मागच्या मेलमध्येच ठरलंय. आणि 'काय झालं का' म्हणे! जुलै 2021 मध्ये तोरणमाळजवळच सिंदीदिगरच्या घाटात गाडी दरीत गेली, आठ जण गेले. ती माणसंही तिकडचीच होती. इथे परदेशात लेकरांना कारसीटशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात नेत नाही आपण, आणि गावी गेलं की तीच लेकरं मांडीवर? चौदाच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा कारसीट नसेल तर हजार रुपये दंड आहे तिकडेही, 2019 पासून.

नाना, चोपडा:
दंड कोण घेतंय धडगाव तालुक्यात!

धुळ्याच्या वहिनी:
ताई, भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर ना? आमच्या ह्यांना पुरी चालत नाही.

अप्पा, शिरपूरवाले:
नाना, मना भो, पोलीस नसला म्हणून उतार कमी होतो का? खजिनदार, गाडीवाल्याला एवढं विचारा: गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी आहे का, आणि ड्रायव्हर उतारावर फोर लो (त्यातला सगळ्यात हळू चालणारा गिअर) टाकून पहिल्या गिअरमध्ये उतरतो की डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो? न्यूट्रल म्हणाला तर विषय तिथेच संपला, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापले की ते धरत नाहीत. जॅक, स्टेपनी, पाण्याचे कॅन बांधलेले हवेत. गाडी अडकलीच तर दोर टो-हुकाला लावायचा, ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला नाही. तो गोळा तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा येतो.

तिसऱ्या गाडीचा वाढीव खर्च मी निम्मा देतो. पाटणादेवीचा हिशोब मात्र त्यात काढू नका.

खजिनदार:
पाटणादेवीचा हिशोब मार्चच्या सभेत मंजूर झालाय, अप्पा, पुन्हा नको. प्रत्येकी एक पट्टा म्हटलं तर दोन गाड्यांत दहाच जण बसतात. तिसरीतही पाच, म्हणजे पंधरा. दोघं उरतात. नाना, तुम्ही आणि तुमचा मेहुणा शहाद्यालाच शेवभाजी खात थांबणार का?

नाना, चोपडा:
मेहुण्याला विचारून सांगतो.