सोल्डरिंग कुठं, कसं शिकलात? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांचे अनुभव

आपल्याकडं पुष्कळ पोरांच्या हातात आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवून तारा-पार्ट जोडायचं विजेचं हत्यार, पहिल्यांदा येतं ते गणपतीच्या हलत्या देखाव्यामुळं, नाहीतर शिवजयंतीच्या चित्ररथामुळं. कुणी टीव्हीवाल्याच्या दुकानात बसून शिकतं, कुणी आयटीआयला, आणि हल्ली बहुतेकजण व्हिडिओ बघून. व्हिडिओत सगळं दिसतं, पण किती तापलं हे हाताला कळत नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला नेमकं काय आणि कुणामुळं कळलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. सोल्डरची (कथील-शिशाची) तार आयर्नच्या टिपवर, म्हणजे तापलेल्या टोकावर, वितळवायची आणि तो थेंब नेऊन जोडावर सोडायचा, असं नवीन माणसाला वाटतं. खरं तर टिप पार्टच्या पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, म्हणजे पॅडला, एकदम टेकवायची, दोन्ही तापू द्यायचे आणि तार पलीकडच्या बाजूनं जोडालाच लावायची. तारेच्या पोटात राळ असते, ती धातूवरचा ऑक्साइडचा थर काढते. तार टिपवरच वितळवली तर राळ धूर होऊन जाते आणि जोडापर्यंत पोचतं ते नुसतं कथील-शिसं. ते वर गोळी होऊन बसतं, धरत नाही. चांगल्या जोडाच्या कडा पॅडवर पातळ पसरलेल्या असतात आणि धातू पायाला धरून वर चढलेला दिसतो. बाकी सगळं यानंतरचं.

शहापूर, बेळगाव

आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मालक कानडी, मराठी सगळं समजायचं, पण शिकवताना कानडीच तोंडात यायचं. शाळा सुटली की मी तिथं. 'मोदलु बिसी माडु', आधी तापव, एवढंच ते सारखं म्हणायचे. हात धरून कधी शिकवलं नाही, शेजारी बसवून बघायला लावलं.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही यायचे, मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. असला सेट आला की ते आधी बोर्ड उलटा करून बल्बखाली धरायचे आणि भिंग माझ्या हातात द्यायचे. 'व्हर्टिकल आयसीचे पाय बघ.' म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या चिपचे. नुसत्या डोळ्याला सगळे जोड चांगले. भिंगातून मात्र एखाद्या पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसायची. आयसी रोज तापतो, रोज निवतो, पाय लांबतो-आखडतो आणि वर्षानुवर्षांनी जोड पायाभोवती तडकतो. टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली की चित्र का येतं, ते मला त्या रेघेत समजलं.

वरून नुसतं आयर्न फिरवून ते जोड कधी बंद करायचे नाहीत. जुनं सोल्डर पंपानं ओढायचं, पाय खरवडून स्वच्छ करायचा, नवी तार नव्या राळेसकट द्यायची. तापवलेली जागा निवेपर्यंत पार्ट हलू द्यायचा नाही, फुंकरही घालायची नाही.

आणखी एक शिस्त त्यांनी लावली, ती सगळ्यांनी घ्यावी. दुरुस्त केलेला सेट थेट प्लगात कधी जायचा नाही, आधी सिरीज बल्बवर, म्हणजे सेटच्या वाटेत एक बल्ब ओळीनं जोडून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सेट वाचतो. प्लग काढला तरी सप्लायमधला मोठा कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसलेला असतो. तो रेझिस्टन्स लावून उतरवल्याशिवाय बोर्डाला बोट लावायचं नाही.

टिळकवाडी

थोडक्यात. २५ वॅटचं आयर्न छंदाला पुरतं. जुन्या तांब्याच्या टिपा कानसीनं घासून चकचकीत करायचे, ती सवय नव्या टिपांना लावू नका. त्यांच्यावर लोखंडाचा मुलामा असतो. तो गेला की टिप गेली. ओल्या स्पंजवर पुसा आणि बंद करताना टिपवर थोडं सोल्डर ठेवूनच बंद करा.

खानापूर

आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळं माझं शिक्षण इमर्जन्सी दिव्यांवर झालं. जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेला कोरा बोर्ड काळपट पडतो आणि सोल्डर त्यावरून घरंगळतं. पेन्सिलचा खोडरबर जोर देऊन घासला की तांबं गुलाबी दिसतं, मग लगेच काम करायचं. उरलेले बोर्ड मी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवतो.

पत्र्याच्या सोल्डरिंगला लागणाऱ्या ॲसिडची बाटली घरात असेल तर ती बोर्डापासून लांब ठेवा. जोड त्या दिवशी सुंदर दिसतो, नंतर तेच ॲसिड बारीक तार खात राहतं. इलेक्ट्रॉनिक्सला राळच.

दिव्यातल्या लिथियमच्या गोल सेलवर थेट आयर्न टेकवू नका. आतला पडदा उष्णतेनं खराब होतो, सेल पेटूही शकतो. पट्टी आधीच वेल्ड केलेले सेल मिळतात, तार त्या पट्टीला जोडावी.

वडगाव, बेळगाव

आमचा माग आहे, पण वैशाखात शिवजयंती जवळ आली की संध्याकाळी सगळे चित्ररथाच्या कामाला. ५५५ आणि ४०१७ या दोन आयसींवर पळते दिवे करायला मंडळातल्या थोरल्या पोरांनी शिकवलं. पहिला ठोके देतो, दुसरा दहा आउटपुट एकामागून एक चालू करतो. आयसी थेट जोडायचा नाही, बेस जोडायचा आणि आयसी शेवटी खोचायचा, हे तिथंच शिकलो.

ट्रॅक्टरवर मात्र टेबलावरचं शिक्षण पुरत नाही. ट्रॉली हादरते, जनरेटर थरथरतो, वळीव कधी येईल सांगता येत नाही. म्हणून तारेला तार आधी नीट पिळायची. ओढ पिळानं घ्यायची, सोल्डरवर भार द्यायचा नाही. 'आधी स्लीव्ह घाल की गा, मग जोड,' (स्लीव्ह म्हणजे उघडा जोड झाकणारी नळी) हे वाक्य आमच्याकडं प्रत्येक वर्षी कुणालातरी ऐकावं लागतं. जोडापासून थोड्या अंतरावर तार बांधूनही टाकायची, कारण सोल्डर शोषलेली तार कडक होते आणि जिथं कडकपणा संपतो तिथंच तुटते. पाच व्होल्टची लांब एलईडी पट्टी टोकाकडं लालसर पडत असेल तर जोडाला दोष देऊ नका. व्होल्टेज वाटेत पडतं, दुसऱ्या टोकालाही सप्लाय द्या. मिरवणुकीत आमचा रथ पहाटेपर्यंत एकही दिवा न विझता जातो, याचा आम्हाला अभिमान आहे.

निपाणी

लेकीला विज्ञान प्रदर्शनासाठी शिकायचं होतं. सामान कोल्हापूरहून आणलं आणि आम्ही दोघी मिळून शिकलो. आईंचं म्हणणं एकच होतं, शिशाचा धूर पोरीच्या पोटात जाईल. त्यांच्यासाठी मी मुळापासून वाचलं. आयर्नच्या ३५० अंशाला शिशाची वाफ होण्याइतकी उष्णता नसते. दिसतो तो धूर राळेचा. तोही घशाला आणि दम्याच्या माणसाला वाईटच, म्हणून खिडकी उघडी आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. त्यामुळं साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगाच्या ताटाला हात नाही, हा आईंचा नियम आता घरचा नियम आहे. पार्टचा जादा पाय कापताना तुकडा डोळ्याकडं उडतो, म्हणून लेक चष्मा घालते आणि कापायचा पाय दुसऱ्या हातानं धरते.

उद्यमबाग

नोकरीत लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं सोल्डर वापरतो. युरोपात २००६ च्या जुलैपासून शिशावर बंधनं आली, त्यामुळं निर्यातीच्या मालाला तेच लागतं. ते २१७ अंशाच्या पुढं वितळतं आणि जोड मंद दिसतो. घरी शिकताना ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) घ्या. ते बरोबर १८३ अंशाला वितळतं आणि मधल्या लिबलिबीत अवस्थेशिवाय घट्ट होतं. ६०/४० थोडं रेंगाळतं, आणि त्या क्षणी हात हलला की जोड खरखरीत होतो.

येळ्ळूर

वरच्या सगळ्यांनी जोडायचं सांगितलं, मी सोडवायचं सांगतो. भंगारवाल्याकडून जुना बोर्ड किलोवर मिळतो. नवे पार्ट घेण्याआधी त्यावरचे पार्ट काढत बसा. जुना जोड वितळत नसेल तर ताप वाढवण्याआधी त्यावर नवं सोल्डर लावा. ताज्या राळेमुळं आणि वाढलेल्या संपर्कामुळं उष्णता आत जाते, जुनं लगेच सैल होतं, मग पंप लावायचा. भोक शेवटपर्यंत मोकळं होत नसेल तर पुन्हा भरून पुन्हा ओढा. पाय जोरानं उपसला तर पॅड बोर्डावरून सुटून येतं. काढलेल्यातले रेझिस्टन्स मीटरवर तपासून ठेवले तर पुढच्या कामाला निम्मं सामान घरातच निघतं.