मदत हवी आहे: जुन्या खिडक्यांच्या हरितगृहाला छत कशाचे घालावे?

अंगणमळा
नमस्कार. नागपुरात मानेवाडा भागातील एक जुने घर पाडले गेले, तेव्हा तेथील सागवानी खिडक्या तावदानांसह, काही जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आणि एका दुकानाच्या दर्शनी भागावरून उतरवलेले पॉलिकार्बोनेटचे (ऊन आत येऊ देणाऱ्या कडक प्लास्टिकचे) पत्रे मला मिळाले. यातून परसात हरितगृह उभारायचे आहे. भिंतींना खिडक्या लावायच्या हे ठरले आहे. छताला उरलेल्या काचा घालाव्यात की पत्रे, एवढेच ठरत नाही. वेल्डर रविवारी येणार असल्यामुळे कृपया लवकर आणि नेमके उत्तर द्यावे.

वर्धा रोड
हरितगृहात काय लावणार, लांबी-रुंदी किती, कोणत्या महिन्यांत वापरणार आणि दुपारचे ऊन कोठून येते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय छताबद्दल काय सांगणार?

तावदान
काचच घालावी. पॉलिकार्बोनेट काही वर्षांत पिवळे पडते, काच पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उन्हाळ्यात वरून चुन्याचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यात तो हळूहळू धुऊन जातो. माझ्या घरी असेच केले आहे आणि उत्तम चालले आहे.

गोरेवाडा
तावदानभाऊ, विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात, हे आपण विसरता. जुन्या खिडकीची साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे खाली बसलेल्या माणसावर पडतात. शिवाय वजन पाहावे: ४ मिमी काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे १० किलो असते, आणि लाकडी चौकटीचे वेगळे. परसातील छोट्या छतालाही हा भार कमी नाही.

संत्रानगरी
ताई, भाजीपाल्याऐवजी संत्र्याची कलमे करावीत. रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळे भरल्यास उत्तम रोपे मिळतात. अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तेथे विचारणा करता येईल.

अंगणमळा
मी कलमांबद्दल विचारलेले नाही. लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट आहे. पश्चिमेला कुंपणभिंत आहे, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या आहेत. थंडीत टोमॅटो आणि मिरचीची रोपे तयार करायची आहेत, उन्हाळ्यात सांबार (कोथिंबीर) आणि पालक घ्यायचा आहे. आता तरी छताचे सांगावे.

वर्धा रोड
आता खरी अडचण कळली. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते, तेव्हा बंद छपराचा रोपांना लाभ होतो. पण मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना काच काय किंवा पत्रा काय, दोन्ही ऊन आत घेतात आणि तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाहीत. त्या हवेत पालक करपतो आणि सांबार पाने धरण्याआधीच फुलावर येतो. म्हणून छत काढता-घालता येईल असे करावे: थंडीत पत्रे, मार्चपासून त्याच सांगाड्यावर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी. वायुवीजनासाठी जमिनीच्या क्षेत्राच्या सुमारे वीस टक्के उघडता येणारी जागा हवी, म्हणजे आपल्या ९६ चौरस फुटांना साधारण १९ चौरस फूट. उंच बाजूच्या भिंतीत अगदी वर दोन मोठ्या खिडक्या बिजागरीवर बसवल्या तर ही गरज त्यांतूनच भागेल, कारण गरम हवा वरूनच बाहेर पडते. खाली समोरच्या बाजूलाही एक खिडकी उघडी राहू द्यावी.

तावदान
म्हणजे दर वर्षी चढ-उतार करायची. चुना दिला असता तर हा खटाटोप वाचला असता.

कूलरवाला दादा
जाळी कशाला? जुन्या कूलरचा पंखा आणि वाळ्याची ताटी एका भिंतीत बसवावी, मे महिन्यातही आत थंड राहील.

गोरेवाडा
दादा, मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून कूलर चालतो, हे खरे आहे. पण पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा तो केवळ दमटपणा वाढवील आणि रोपांवर बुरशी येईल. पाणी आणि वीज रोज लागेल ते निराळेच.

ताई, आपल्या परसात काळी माती असेल, तर पाइपांचे पाय नुसते मातीत पुरू नयेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सांगाडा जरासा जरी हलला तरी तावदाने तडकतात. खड्डे खाली मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट भरावे. जुन्या चौकटींवरचा रंग घासायचा असल्यास तोंडाला मास्क लावून ओल्या कापडाने करावे, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते.

अंगणमळा
माती काळीच आहे, खड्डे खोल घेते. जाळीचा मार्ग मला पटला. पण वेल्डरला उतार किती सांगू?

वर्धा रोड
आठ फुटांच्या रुंदीत दोन फूट उतार पुरेसा आहे. उंच बाजू पूर्वेला ठेवावी, आणि पश्चिमेच्या खालच्या कडेला पाणी कुंपणभिंतीपासून दूर नेणारी पन्हळ लावावी. पाइपांमधील अंतर मात्र पत्रे पोकळ आहेत की सपाट भरीव, आणि जाडी किती, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

अंगणमळा
पोकळ आहेत, कडेला नळ्या दिसतात. जाडी उद्या मोजून सांगते.

वर्धा रोड
मग नळ्या उताराच्या दिशेने, वरून खाली याव्यात, आडव्या नकोत. नाहीतर आत साचलेले पाणी बाहेर पडत नाही आणि हिरवे शेवाळ धरते. वरची टोके ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करावीत, खालची टोके पाणी झिरपू देणाऱ्या पट्टीने. पत्र्याची अतिनील किरणांपासून बचाव करणारी बाजू वर यायला हवी. मूळ छापील कागद निघून गेला असल्यास, दुकानावर जी बाजू बाहेर होती ती ओळखू येते का, हेही उद्याच पाहावे.