'पिंजरा'तल्या बाईची जात कुठे गेली?

फडकरी
कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "'पिंजरा' ही माणसाच्या पतनाची गोष्ट आहे, त्यात जात शोधणारे रिकामटेकडे." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७२चा हा सिनेमा मी सात-आठ वेळा पाहिलाय. डॉ. लागूंचे गुरुजी, राम कदमांचं संगीत, सगळं मान्य. पण गोष्ट आली १९३०च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन सिनेमावरून. तिथे मास्तर कॅबरेतल्या बाईपायी वाया जातो. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी कॅबरेच्या जागी तमाशा आणला. कॅबरेत गाणारीला तिच्या जातीने तिथे उभं केलेलं नसतं. आपल्याकडे कोल्हाटी समाजात मुलगी वयात आली की चिरा उतरवायचे, म्हणजे पैसे मोजणाऱ्या पहिल्या पुरुषाच्या हवाली करायचे, मग तिचं लग्न नाही, आणि तिच्या कमाईवर भाऊ-मामा जगायचे. महार-मांगांच्या पिढ्या फडात, म्हणजे तमाशाच्या मंडळीत, खपल्या. हे गाळलं की उरते ती मास्तरला नादी लावणारी बाई. आणि तिचा फड गावाबाहेर काढतात ते गुरुजीच! फड उठला तर त्यातली माणसं खाणार काय, हा प्रश्न सिनेमाला पडतच नाही.

जुनी रीळ
ही गुरुजींची शोकांतिका आहे, समाजशास्त्राचा प्रबंध नाही. तमाशातली नायिका चंद्रकला पुढे त्यांच्यावर जीव लावते, ते दिसलं नाही का? पन्नास वर्षांनी आजचे हिशेब मागायचे असतील तर एकही जुना सिनेमा पास होणार नाही.

नारायणगावचा
जातीचं बाजूला ठेवा. या सिनेमांनी ढोलकी-फड (पूर्ण तमाशा) आणि संगीत बारी (बायकांची लावणीची बैठक) यांची जी खिचडी केली, त्यावर कोणीच का बोलत नाही? फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि मग वग, म्हणजे तमाशातलं नाटक. वगात बाई राणी होते, संवाद म्हणते, लोकांना रडवते. लोकांच्या डोक्यात मात्र तमाशा म्हणजे फक्त लावणी बसली. पाडव्याला आमच्याकडे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. पहिला प्रश्न काय? "नाचणाऱ्या किती?" वग कोणता, हे विचारत नाहीत.

जुनी रीळ
त्याला शांताराम जबाबदार? प्रेक्षकालाच वग नको झालाय.

नारायणगावचा
प्रेक्षकाला दोष देऊ नका. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर फडातच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी शेवटची वर्षं हलाखीत गेली. तुम्ही खुर्चीत बसून वग संपला म्हणता, माझे आजोबा त्याच वगात तीस वर्षं ढोलकी वाजवत होते.

जुनी रीळ
आजोबांचा मान राखतो, पण आवाज चढवू नका.

बारीवाली
मी या धाग्यावर लिहिणार नव्हते. माझी मावशी संगीत बारीत होती. मी सातवीत असताना वर्गात कुणाला तरी ते कळलं, आणि मधल्या सुट्टीत पोरं मला बघून याच सिनेमातलं गाणं म्हणायला लागली. सर ऐकत होते, काही बोलले नाहीत. मावशीने त्याच कमाईतून माझी फी भरली, माझ्या आईचं लग्न लावलं. तिला सिनेमातल्या नायिकेचं, संध्याबाईंचं, नाचणं फार आवडायचं. पण पडद्यावर गुरुजी फडात तुणतुणं धरून उभे राहिले की ती म्हणायची, "ह्यो बिघडला म्हणून सगळी रडत्यात. आमच्यासाठी कोण रडलं?" हे म्हणायला ती रिकामटेकडी नव्हती.

फडकरी
ताई, माझ्या लांबलचक पोस्टीत हेच सांगायचं होतं, मला इतकं नेमकं जमलं नाही.

जुनी रीळ
ठीक आहे. 'रिकामटेकडे' मीच लिहिलं होतं, तो शब्द मागे घेतो. सिनेमा थोर आहे, हे मात्र मागे घेणार नाही.

नारायणगावचा
आणि वगाचं?

जुनी रीळ
वगावर वेगळा धागा काढा. येतो मी तिथे.