जुनी शेव्हर्ले फोरेस्टर घ्यावी का? नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची

चिखलवाट (वडोदरा)

जांबुघोड्याकडे आमची थोडी शेती आहे. डांबरी रस्ता सुटला की शेवटचा तुकडा कच्चा, मध्ये एक ओहोळ. पावसाळ्यात हॅचबॅक तिथे पोट घासते, नाहीतर रुतून बसते. मांजलपूरला एका गृहस्थांकडे जुनी शेव्हर्ले फोरेस्टर विकायला आहे, चारही चाकांना ओढ असलेली. किंमत इतकी कमी सांगतात की संशयच यावा.

बाबा म्हणतात, "कंपनी देश सोडून गेली. पार्ट काय हालोलच्या बंद कारखान्याच्या गेटवर जाऊन मागणार?" काका म्हणतात ती शेव्हर्ले नाहीच, सुबारू आहे. आता मला सांगा, या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, तरी दुसरीची गाडी आपला बिल्ला लावून विकतात. पुढे त्यांचं फाटलं की गाडीवाल्यानं कुणाच्या दारात उभं राहायचं? फोरेस्टर, शेव्हर्लेचीच टवेरा की कर्ज काढून सरळ मारुती सुझुकीची जिम्नी?

पानेवाला (प्रतापनगर)

काकांचं खरं आहे. शेव्हर्लेचा बो-टायचा बिल्ला काढला की खाली सुबारूच. शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिनं २००० च्या सुमारास फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे सुबारू बनवणाऱ्या कंपनीत, २० टक्के हिस्सा घेतला होता. त्या सोयरिकीतून फोरेस्टर आपल्याकडे शेव्हर्ले म्हणून आली. २००५ मध्ये जनरल मोटर्सनं तो हिस्सा विकला, त्यातला काही टोयोटानं उचलला. सोयरीक मोडली आणि गाडी पोरकी झाली.

मी बरीच वर्षं पार्टच्या काउंटरवर काढली आहेत. फोरेस्टरवाला आला की शेव्हर्लेचं नाव घेऊन काही हाती लागायचं नाही. सुबारूचा नंबर लागतो: आधी पाच आकडे, मग दोन अक्षरं, मग पुन्हा आकडे. ऑइल फिल्टर म्हणशील तर १५२०८एए नं सुरू होणारा. तो नंबर तोंडपाठ असेल तर माल बाहेरून मागवता येतो, दुबईहून म्हण, ऑनलाइन म्हण. सुबारूचं इथे शोरूमच नाही, त्यामुळे पैसे आणि वाट बघणं दोन्ही तुझ्याच माथी.

आणि इंजिन बॉक्सर आहे. सिलिंडर उभे नाहीत, दोन इकडे दोन तिकडे आडवे. साधे प्लग बदलायचे तरी एका बाजूला बॅटरी काढा, दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरचा डबा काढा, मग बाजूच्या फटीतून हात घालून आखूड एक्स्टेन्शननं चाचपत पाना लावा. मेकॅनिकनं पूर्वी केलं नसेल तर तो तुझ्याच गाडीवर शिकणार. आधी त्याला विचार, मग गाडीवाल्याशी बोल.

टवेराची गोष्ट उलटी. ती मुळात इसुझू पँथर, इंडोनेशियातली. जनरल मोटर्सनं इसुझूमधला उरलेला हिस्सा २००६ मध्ये विकला, तरी हालोलला टवेरा २०१७ पर्यंत बनत राहिली. साचे इथे, लाइन इथे, पार्ट पुरवणारे इथलेच. कंपन्यांच्या मुख्यालयात बसून कोण कुणाशी भांडलं याच्याशी क्लचप्लेटला देणंघेणं नसतं. टॅक्सीत इतक्या धावल्या की पार्ट आजही कोपऱ्यावर मिळतो. फक्त तिला ओढ मागच्या चाकांनाच, तुझ्या ओहोळात ती हॅचबॅकची थोरली बहीण.

म्हणून बिल्ला बघू नकोस. साचा कुणाकडे आहे आणि त्या साच्याचा माल आज या देशात कोण विकतं, ते बघ.

सयाजीगंजचा भटक्या

पानेवाले काकांना दुजोरा. हे प्रकार जगभर चालतात. जिम्नी जपानमध्ये माझदानं एझेड-ऑफरोड नावानं २०१४ पर्यंत विकली. तिचीच जुनी पिढी ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्याच होल्डनची ड्रोव्हर होती. होंडानं तर १९९३ पासून लँड रोव्हर डिस्कव्हरी क्रॉसरोड नावानं विकली, कारण लँड रोव्हर बनवणाऱ्या रोव्हरमध्ये होंडाचा २० टक्के हिस्सा होता. पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूनं रोव्हर विकत घेतली! होंडाला तेव्हा काय वाटलं असेल, विचारू नका.

आपल्याकडे आज सगळ्यात घट्ट जोडी सुझुकी-टोयोटाची. २०१९ मध्ये दोघांनी एकमेकांचे शेअरही घेतले. सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर दोन्ही बंगळूरजवळच्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यातून निघतात, ऑल व्हीलवालीसुद्धा. एका कंपनीचं सर्व्हिस सेंटर रुसलं तरी मेकॅनिकल पार्ट दुसरीकडे सापडण्याची आशा असते. पण ओहोळातून बाहेर यायला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोरानं ओढणारा जादा गिअर, हवी असेल तर त्या दोघींत ती नाही. जिम्नीत आहे, शिवाय लॅडर फ्रेम (ट्रकसारखा शिडीच्या आकाराचा सांगाडा) आणि दोन्ही अॅक्सल अखंड. पाच दारांची जिम्नी २०२३ पासून गुरुग्रामला बनते आणि २०२५ पासून तिथूनच जपानलाही जाते. तेव्हा साचा घरचाच.

निवांत (अलकापुरी)

सगळे इंजिनाचंच बोलताय. जुन्या गाडीचं मला भय बाहेरच्या वस्तूंचं वाटतं. क्लच कुणीतरी जुळवून देतो, पण टेल लॅम्प आणि पुढची काच कुणी घडवून देत नाही. आमच्या ओळखीत अशाच एका पोरक्या गाडीची काच फुटली आणि गाडी सगळा पावसाळा ताडपत्रीखाली उभी होती. इन्शुरन्सवाल्याला आधीच विचारा. पंधरा वर्षं उलटली असतील तर आरसी नूतनीकरण आणि फिटनेसचंही.

चिखलवाट (वडोदरा)

काच हा मुद्दा घरी कुणालाच सुचला नव्हता. जिम्नीचा हप्ता काढून पाहिला आणि बाबांना दाखवला, ते गप्प झाले. तरी शनिवारी फोरेस्टर बघून येतो, मेकॅनिकला बरोबर नेतो. काका, नेमकं काय तपासू?

पानेवाला (प्रतापनगर)

इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा पी, थंड होऊ दे. मग कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का आणि दोन्ही बाजूंना सिलिंडर हेडखाली ओल आहे का ते टॉर्चनं बघ. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग. बिल नसेल तर बदललाच नाही असं धर आणि तेवढे पैसे भावातून कमी कर. चॅसिस नंबरचं पहिलं अक्षर इंग्रजी 'J' आलं तर जपानची. फोटो इथे टाकशील तर पुढचे आकडे झाक, कुणाची गाडी म्हणून बोंब नको.