सीडी प्लेअरमध्ये नवा डॅक बसवून घ्यावा का?

घोडबंदरकर:
माझा सीडी प्लेअर जुना, पण ठणठणीत. इथलाच एक कारागीर त्यात नवा डॅक (डिस्कवरच्या आकड्यांचा आवाज करणारा भाग) बसवून देतो म्हणतो, 22 हजारांत. त्यानं आधीच बदललेला एक प्लेअर ऐकायला घरी दिलाय. तानपुरा जास्त भरीव वाटतो. बायको म्हणते, "काही फरक नाही, हा जरा मोठ्यानं वाजतोय इतकंच." काय करू?

नौपाडाकर:
बिनधास्त करा. सुरुवातीचे प्लेअर आठवा. सोनीच्या 1982च्या पहिल्या मॉडेलमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक होता, आळीपाळीनं वापरलेला. तिथून आजवर सुधारणा झालीच ना? शिवाय कारागीर नुसती डॅकची चिप बदलत नाही. पुढचं अ‍ॅनालॉग सर्किट आणि पॉवर सप्लायही बदलतो. जवारी (तानपुऱ्याच्या तारेची झणकार) तिथेच उलगडते.

ऐरोलीचा विजेवाला:
वहिनींचे कान तयार आहेत, त्यांचं ऐका! प्लेअरमधून साधारण 2 व्होल्ट निघणं अपेक्षित असतं. बदललेल्यातून 2.3 निघत असतील तर आवाज 1.2 डेसिबलनं वर जातो. एवढा फरक 'मोठा' असा जाणवत नाही, 'भरीव' म्हणून जाणवतो. दोन्हींवर एकच टेस्ट टोन लावा, मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा आणि अ‍ॅम्पवर आवाज जुळवा. टोन 100 हर्ट्झच्या आसपासचा घ्या, स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला काहीही दाखवतात.

नौपाडाकर:
म्हणजे संगीत मीटरनं ऐकायचं? नवा डॅक 24 बिट (प्रत्येक आकड्याची बारकाई), 192 किलोहर्ट्झचा (सेकंदाला किती हजार आकडे) आहे, जुना 16 बिटचा. हा फरक कुठे जातो?

ऐरोलीचा विजेवाला:
कुठेच जात नाही, कारण डिस्कवर तो नाहीच. सीडीवर 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ, बस्स. चिप 192ची असली तरी मधले आकडे ती हिशेबानं भरते. गायकाचं त्यात काही नसतं. त्यानं फिल्टर (आवाजापलीकडचा कचरा गाळणारा भाग) सौम्य ठेवता येतो, हा फायदा खरा. पण तो जुनाच आहे: फिलिप्सनं सुरुवातीलाच 14 बिटच्या चिपला चौपट ओव्हरसॅम्पलिंग (हेच मधले आकडे भरणं) जोडून काम भागवलं होतं. आणि 16 बिटला 96 डेसिबलची रेंज (सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) मिळते. घोडबंदर रोडला खिडकी उघडी ठेवून त्यातलं किती ऐकू येतं, सांगा.

नेरूळची श्रोती:
दोघांनीही लेझरचा विषय काढला नाही. जुन्या प्लेअरची लेझर आणि मोटर आधी थकतात, आणि त्या मॉडेलचा पिकअप (डिस्क वाचणारा लेझरचा भाग) मिळेलच याची खात्री नसते. मग 22 हजारांचा नवा डॅक मेलेल्या डब्यात. मागे डिजिटल आउट (आकडे तसेच बाहेर देणारी जोडणी) असेल तर बाहेरचा डॅक घ्या. उद्या प्लेअर बसला तरी तोच डॅक लॅपटॉपला लावता येईल. जुन्या 78च्या तबकड्यांवरून केलेल्या सीडी असतील, तर त्यांना मात्र कुठलाच डॅक तारणार नाही.

घोडबंदरकर:
डिजिटल आउट आहे, कोअ‍ॅक्सियल प्रकारचा. आणि हो, मीटर लावला: जुना 1.9, बदललेला 2.2.

नौपाडाकर:
जुळवा खुशाल. पण अर्ध्या मिनिटाचे तुकडे लावून निकाल देऊ नका, अख्खा विलंबित ऐका.

ऐरोलीचा विजेवाला:
मान्य, अख्खा ऐका. फक्त कुठला प्लेअर चालू आहे ते वहिनींनाच ठरवू द्या, आणि तुम्ही पाठ करून बसा.