बाळाची गोधडी: मशीनवर चुण्या पडतायत, मदत हवी आहे

कोयरी
बाळाची गोधडी मशीनवर शिवतेय. चार थर, सगळे जुने, मऊ, धुतलेले. सरळ रेघा मारतेय, पण चुण्या पडतायत आणि रेघेच्या शेवटी कापड उरतं. दोनदा उसवून झालं. बारसं पुढच्या रविवारी आहे, तेव्हा "हातानेच शिवा" सोडून काहीही सांगा.

उसवणकर
चुण्या वर की खाली? माप किती? मशीन कुठलं? कच्चे टाके घातलेत की नाही?

टोपणसुई
हातानेच शिवा. :) ४० नंबरचा सुती दोरा, अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी, काठाकडून आत चौकोनात फिरत जायचं. थर हाताखाली असतात, सरकतात कुठे?

कोयरी
वरच्या बाजूला. माप ३० बाय ३६. साधं काळं पायमशीन. टाचण्या लावल्यात ना चारी कडांना!

उसवणकर
कडांना टाचण्या म्हणजे मधलं सगळं मोकळंच. मशीनचे दाते खालचं कापड मागे ओढतात, वरचं कापड मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) पुढे ढकलतं. दर टाक्याला केसभर फरक, ३६ इंचांत दोन बोटं कापड उरतं. गोधडी जमिनीवर पसरा, खालच्या थराचे काठ चिकटपट्टीने फरशीला लावा (ताणू नका, नुसता सपाट), वर एकेक थर मधून कडेकडे हात फिरवत बसवा. मग मधून कडांकडे, चार चार बोटांवर लांब कच्चे टाके. उभे आणि आडवे, दोन्ही.

पहिली शिलाई मधोमध. बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर. फुटाच्या दांड्यावर डोक्याशी जो स्क्रू असतो तो एक-दोन फेरे सैल करा, दाब कमी होतो. दोऱ्याच्या ताणाच्या चकतीला हात लावू नका, सगळे आधी तिथेच पिळतात.

मऊमऊ
कापूस भरा हो, एवढ्या भानगडी कशाला. पॉलिस्टरचं वॅडिंग (कापसासारखं भरण) मीटरवर मिळतं, इस्त्री केल्यासारखं बसतं.

टोपणसुई
@मऊमऊ, शू झाली की पॉलिस्टर शोषून घेत नाही, ओल अंगाखाली राहते. बाळाच्या गोधडीत साडी, धोतर किंवा मलमलच हवं. एका सहावारीतून ३२ बाय ३८ चे सहा थर निघतात: ३८ पन्ह्यात (रुंदीत), ३२ लांबीत. दोन दोन इंच जास्त धरायचे, कारण शिवताना गोधडी आक्रसते.

सातासमुद्रा
अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण ठेवू नये. कृपया विचार करा.

कोयरी
पांघरायला नाही, मांडीवर आणि जागेपणी खाली अंथरायला आहे. विचारलंय काय, चाललंय काय! कच्चे टाके घालून परत शिवलं. उरणं कमी झालं, पण चुण्या तशाच. आणि मध्येच टाका सुटतोय.

तिरकीशिलाई
टाका सुटतोय? एकच विचारते, खालचा थर कशाचा आहे?

कोयरी
जुन्या टी-शर्टांचा. मऊ असतो म्हणून.

तिरकीशिलाई
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं कापड, विणीची असते, शिवताना ताणली जाते, फूट उचललं की आक्रसते आणि वरच्या साडीला घेऊन येते. चुण्या म्हणजे त्याच. दाब कितीही कमी करा, या जाणारच नाहीत. शिवाय साध्या टोकाची सुई विणीत अडकते, म्हणून टाका सुटतो. होजिअरी काढा आणि खाली साडीचाच थर घ्या. सुई नवी घाला, १४ नंबर चार थरांना पुरते. जाड सुताडा असेल तर १६.

होजिअरीच ठेवायची असेल तर दोन साड्यांच्या मध्ये, कच्चे टाके दोन बोटांवर, सुई बॉलपॉइंट (गोल टोकाची). पण रविवारच्या आत हा खटाटोप करू नका.

उसवणकर
बरोबर. मी "जुने, मऊ" वाचून साडी गृहीत धरली, चूक माझी.

टोपणसुई
उसवताना दर चौथा टाका ब्लेडने कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, सबंध निघतो. रेघा पेनने नको, अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी घ्या, धुतली की जाते. जरीचा काठ कापून टाका, बाळाच्या गालाला घासतो. आणि लाल कापड असेल तर मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा.

उसवणकर
मिठाने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवा, तरीही लागला तर ते कापड घेऊ नका.

टोपणसुई
आमच्याकडे सगळे मीठच घालतात.

उसवणकर
घालू द्या, रुमाल मात्र घासून बघा.

कोयरी
होजिअरी काढली, खाली साडी लावली. मधली रेघ मारली, सपाट आली! गाठी कुठे लपवू?

तिरकीशिलाई
रेघेच्या टोकाला दोन्ही दोरे चार बोटं लांब सोडा, वरचा खाली ओढून गाठ मारा. मग सुईत ओवून दोन थरांमध्ये इंचभर फिरवा आणि कापा. चारी बाजूंना दोन इंची आडवी पट्टी दुमडून लावली की बाळाच्या हाताला एकही टोक लागत नाही.

मऊमऊ
कुंचीचं माप कोणी देईल का? तीन महिन्यांच्या बाळाला.

उसवणकर
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि त्यात कापड कुठलं ते आधी लिहा.