सत्यजित राय यांच्यासोबत लेस्टर पेरिसही हवेत

श्रीलंकेचा सिनेमा म्हणजे दक्षिणेतल्या सिनेमाची नक्कल, असं सत्यजित राय यांच्यावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. १९५६ पर्यंत ते बरंचसं खरं होतं. पहिला सिंहली बोलपट १९४७ साली आला खरा, पण तो तयार झाला दक्षिण भारतातल्या स्टुडिओत, आणि पुढेही बराच काळ तीच रीत चालली.

ती मोडली श्रीलंकेचे दिग्दर्शक लेस्टर जेम्स पेरिस यांनी. कोलंबोच्या कॅथलिक, घरात इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबातला हा माणूस सरकारी फिल्म युनिटमधली नोकरी सोडतो आणि कॅमेरामन विल्यम ब्लेक, संकलक टायटस थोटवट्टे यांना घेऊन थेट खेड्यात जातो. त्यातून झालेल्या 'रेखावा' (१९५६) या सिनेमातला सेना नावाचा पोरगा मैत्रिणीच्या डोळ्यांना हात लावतो आणि तिला परत दिसू लागतं. मग काय, गाव त्याला देव करतं, बाप आणि सावकार त्याच्यावर पैसे कमवायला बसतात. पुढे दुष्काळ पडला की खापर पोराच्याच माथी! आपल्याकडे असं गाव शोधायला लांब जावं लागणार नाही.

सिनेमा कान महोत्सवात गेला, घरी मात्र आपटला. मग 'गंपेरलिया' (१९६३): मार्टिन विक्रमसिंघे यांची कादंबरी, नाचगाणी नाहीत, चित्रीकरण स्टुडिओबाहेर. १९६५ ला दिल्लीच्या महोत्सवात सुवर्णमयूर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, त्यालाच मिळाला. संकलन सुमित्रा यांचं. त्या पेरिस यांच्या पत्नी आणि पुढे स्वतःच दिग्दर्शक. त्यांच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी येतो.